मंदण्णांची बंदूक

“नाक्यावरनं डेअरीत फोन आलाय,” पोलीस पाटील म्हणाले. “एक म्हातारा धरून ठेवलाय. कर्नाटकाच्या एसटीतनं बंदूक घेऊन आलाय. लायसन न्हाई, आन अप्पांचं नाव सांगतोय.”

ते अंगणात उभे होते. आत सोप्यात माझ्या वडिलांना, अप्पांना, घोंगडीवर निजवलं होतं. पहाटे पाचला ते गेले. आता बारा वाजत आले होते. माझा चुलतभाऊ संपतदादा तिरडीसाठी बांबू तासत बसला होता. त्याचा कोयता थांबला.

“नाव काय म्हाताऱ्याचं?”

“मंदण्णा म्हनं.”

मी उठले. शेवटच्या आठवड्यात अप्पा फार थोडं बोलले आणि त्यातलं एकच वाक्य परत परत बोलले: “मंदण्णा येईल. त्यो आल्याबिगर मला जाळू नका.” तोफखान्यात दोघांनी बावीस वर्षं एकत्र काढली होती. मंदण्णा कूर्गचे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीला त्यांचं एक कार्ड यायचं, तेवढीच ओळख. सोमवारी डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मीच त्यांना तार केली होती. ‘प्रकृती गंभीर, निघा,’ एवढंच लिहिलं होतं. बंदुकीचा त्यात उल्लेख नव्हता.

“चारला उचलायचं ठरलंय,” दादा म्हणाला. “पैपाव्हणं निघाल्यात. लांबलं तर पाच. त्याच्या म्होरं न्हाई.”

“मला नाक्यावर सोड.”

“तू? मढं घरात असताना तू भाईर पडणार?”

“तार मी केली होती, दादा.”

त्याने हातातला बांबू दुसऱ्याकडे दिला आणि मोटरसायकल काढली.

ते वर्ष नव्व्याण्णवचं. दोन्ही राज्यांत एकाच वेळी निवडणूक लागली होती आणि हद्दीवर प्रत्येक गाडी उघडून बघत होते. आमच्या गावातल्या परवानेवाल्यांच्या बंदुका पंधरा दिवसांपूर्वीच पोलीस ठाण्यात जमा झाल्या होत्या. अशा दिवसांत कुणी बिनपरवान्याची बंदूक घेऊन एसटीतून महाराष्ट्रात येतो, हे ऐकूनच दादा वाटभर “येडं हाय का काय” म्हणत होता.

नाका म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल, दोन बाक आणि रस्त्यावर आडवं लाकूड. बाकावर एक उंच, वाळकासा म्हातारा ताठ बसला होता. अंगात काळा जुना कोट, डोक्यावर टोपी, मांडीवर आडवी कॅनव्हासची लांब पिशवी. पिशवीवर दोन्ही हात. ते हात अजून कुणी बाजूला केलेले नाहीत, हे बघताक्षणी कळत होतं.

“तुम्ही इंगवल्यांच्या कोण?” टेबलामागच्या तरुण फौजदाराने विचारलं. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, डोंगरदिवे. बोलणं आमच्याकडचं नव्हतं, विदर्भाकडचं होतं.

“मुलगी.”

ते ऐकून म्हातारा उभा राहिला. माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “गेला?”

“पहाटे पाचला.”

त्यांनी टोपी काढली, हातात धरली, परत डोक्यावर ठेवली आणि खाली बसले.

“पाचला मी धारवाडच्या स्टँडावर चा पीत हुतो,” ते म्हणाले. “त्या येळंला गेलं बेणं.”

मी दचकले. कूर्गचा माणूस हिंदीत बोलेल असं मी धरून चालले होते. त्यांचं मराठी आमच्या गावचं होतं. अप्पांनी शिकवलेलं, अप्पांच्या शिव्यांसकट. सकाळपासून बंद झालेला आवाज पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं.

“बसा, ताई,” डोंगरदिवे म्हणाले. “माझी पंचाईत ऐका. मी यांना विचारलं, बंदूक कशाले आणली? तर म्हणतात, दोस्त मेला की वाजवायला. म्हटलं, मेला का? तर म्हणतात, माहीत नाही. म्हटलं, नसंल मेला तर? तर म्हणतात, चहा पिऊन परत जाईन.”

“मग? खोटं हाय का त्यात?” मंदण्णा म्हणाले.

“खोटं नाही ना, आजोबा, तीच तर भानगड आहे. खोटं बोलले असते तर माझं काम सोपं होतं.”

त्यांनी टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे सरकवला. प्लास्टिकमध्ये घातलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, वर कन्नड आणि खाली इंग्रजी. अमुक इसम कूर्गी असल्याने त्यास शस्त्रपरवान्यापासून सूट आहे, असा मजकूर आणि खाली जिल्ह्याच्या कचेरीचा शिक्का.

“आमाला लायसन लागत न्हाई,” मंदण्णा मला समजावू लागले. “इंग्रजाच्या टायमापासनं सूट हाय. आमच्यात बंदूक देवघराच्या भिंतीला आस्ती. पूजा हुती तिची.”

“सूट!” मागे उभा असलेला हवालदार म्हणाला. “दिवाळीपातूर हाय का, साहेब, का स्टॉक संपंस्तवर?”

डोंगरदिवे हसले नाहीत. “कागद खरा दिसतो. पण मोठ्या साहेबांना फोन केला, तर साहेब म्हणाले, ती सूट तिकडची. इकडे, आचारसंहितेत, परवाना दाखवा नाहीतर जप्त करा. मी दोन तास झाले, अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.” त्यांनी कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. “तीन वाजता साहेब स्वतः येतात. त्याच्या आत मला लिहावं लागंल. एकदा लिहिलं की माझ्या हातात काही राहत नाही. हत्यार कायदा. या वयात लॉकअप, मग जामीन, मग तारखा.”

“दुसरा काही मार्ग?”

“बंदूक इथं ठेवावी. मी रीतसर पावती देतो. हे तुमच्यासंगं मोकळे येऊ शकतात, आत्ताच्या आत्ता.”

मला ते योग्य वाटलं. मी मंदण्णांकडे वळले. “काका, बंदूक राहू दे इथं. अप्पा तुमची वाट बघत होते, बंदुकीची नाही.”

“बंदूक ठिवून येऊ?” ते म्हणाले. “मग येऊन करू काय? रडायला तुमी समदी हाईसाच की.”

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. दादा शेडच्या दाराशी येऊन घड्याळ बघून गेला.

“वाजवायची म्हणजे नेमकं काय?” मी विचारलं.

“आमच्यात माणूस गेला की दोन बार काढत्यात. एकापाठोपाठ एक. डोंगराडोंगरावर घरं, सांगायला कोण जाणार? दोन बार ऐकलं की लोक हातातलं काम टाकून निघत्यात. दोन बारांच्या मधी लांबलं तर ते दोन म्हनून मोजत न्हाईत. तुझ्या बापानं माझ्याकडनं शबूद घेतलाय. त्याच्या येळंला दोन. पस्तीस वरसं झाली त्याला.”

“आपल्या गावात असलं काही नसतं, काका.”

“त्याला म्हाईत नव्हतं का ते?”

अप्पा कधी काही मागणारे नव्हते. दुखत असतानाही पाणी मागताना “हाताला लागलं तर” असं म्हणायचे. त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी एका माणसाकडे एक गोष्ट मागितली होती आणि तो माणूस सहाशे किलोमीटर येऊन, आमच्या घरापासून सात किलोमीटरवर, एका बाकावर अडकला होता. त्याने बंदूक सोडली तर शब्द जात होता. नाही सोडली तर तो आत जात होता.

मी त्या आडव्या लाकडाकडे पाहत होते. लाकडाच्या पलीकडे पन्नास पावलांवर कन्नड पाटी होती.

“साहेब, हे आत्ता मागे फिरले तर?”

“मागे म्हणजे?”

“पाटीच्या पलीकडे. बंदूक घेऊन.”

“तर मग माझ्या हद्दीत बंदूक आलीच नाही. पण मग तुमच्या वडिलांचं काय?”

“आमचं स्मशान नदीच्या काठाला आहे,” मी म्हटलं. “नदीचा पलीकडचा काठ कर्नाटकात.”

डोंगरदिव्यांनी पेनाला टोपण लावलं आणि तो कोरा कागद खणात टाकला.

“आजोबा, तुम्ही कोल्हापूरच्या बसमध्ये बसले, नाका दिसला, उतरून परत गेले. बरं?” ते उठून मंदण्णांसमोर येऊन उभे राहिले. “तिकडं तिकडचे पोलीस आहेत, त्यांचं मला माहीत नाही. पण एक लक्षात ठेवा. हा कागद तुमच्या एकट्याच्या नावाचा आहे. दुसऱ्या कोणाच्या हातात ही बंदूक गेली, तर नदीच्या या काठाला असो नाहीतर त्या, तो गुन्हा आहे. तिथं मग कोणाची सूट नाही.”

“समजलं,” मंदण्णा म्हणाले. त्यांनी कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि टाच जुळवून त्या पोरसवदा फौजदाराला सॅल्यूट ठोकला. तो बिचारा गडबडून गेला. त्याचाही हात कपाळाकडे गेला.

बाहेर दादाला मी सांगितलं तेव्हा तो भडकला.

“तू जाणार त्येंच्यासंगं? आन हितं?”

“इथं माझं काय काम आहे? आपल्यात बायका वेशीपर्यंतच जातात. तू मला वेशीवरनं परत पाठवशील.”

“रीतच हाय ती. मी काय केलीया?”

“मग त्यांना त्या काठाची वाट कोण दाखवणार?”

दादाने किक मारली, गाडी सुरू केली आणि तसाच बसून राहिला. अग्नी तो देणार होता. अप्पांना मुलगा नव्हता. “आंब्याखाली उभी ऱ्हा,” तो शेवटी म्हणाला. “त्या काठाला एकच आंबा हाय, दिसंल मला. तू दिसल्याबिगर न्हाई मी काडी लावत. पर पाचच्या म्होरं लोक थांबनार न्हाईत, सांगून ठिवतो.”

आम्ही चालत हद्द ओलांडली. पुढच्या फाट्यावर तासभर काही मिळालं नाही. मग एक टमटम मिळाली, तिच्यात दुधाचे रिकामे कॅन आणि आम्ही दोघं. तिने आम्हाला पलीकडच्या गावात सोडलं तेव्हा पावणेचार झाले होते. तिथून पुढे उसातून पायवाट. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते, तरी पाय रुतत होते. मंदण्णा अडुसष्ट वर्षांचे होते, माझ्या पुढे चालत होते, आणि उसाचं पान कोटाला लागलं की अप्पांची एकेक शिवी बाहेर पडत होती.

आंब्याखाली पोचलो तेव्हा समोरचा काठ रिकामा होता. नदी तिथे फार रुंद नाही. पलीकडे रचलेली लाकडं स्पष्ट दिसत होती. ते स्मशान मी लहानपणापासून लांबून बघत आले होते, इतक्या समोरून कधी नाही. आईला तिथे नेलं तेव्हाही मी वेशीवरून परत आले होते.

मंदण्णांनी पिशवी उघडली. दुनळी बंदूक होती, दस्ता घासून काळाभोर झालेला. त्यांनी नळ्या आणि दस्ता जोडला, रुमालाने पुसलं, कोटाच्या खिशातून दोन काडतुसं काढून भरली आणि बंदूक मांडीवर घेऊन बसले. दोनच आणली होती.

“तुझा जलम चौसष्टचा न्हवं?” त्यांनी विचारलं.

“हो. मार्चचा.”

“तवा तुझा बाप बर्फात हुता आन मी सुट्टीवर घरी. त्याचं कार्ड आलं. पोरगी झाली, म्हनून लिवलेलं. दुसरं काय न्हाई. पर बटाट्याएवढं अक्षर काढलंवतं बेण्यानं.” ते हसले. “आमच्यात पोरगा झाला की एक बार काढत्यात. पोरीला न्हाई काढत. मी बंदूक भिंतीवरनं काढली, अंगणात गेलो आन काढला एक. माझी आई भांडं टाकून भाईर आली. शेजारचं लोक आलं पळत, कुणाला पोरगा झाला? म्हटलं, पोरगी झाली. कुणाला? माझ्या दोस्ताला. कुठं? हजार मैलावर. आई म्हनली, येड लागलंय ह्याला. दोन दिस बोलली न्हाई माझ्याशी.”

त्यांनी बंदुकीच्या दस्त्यावर पुन्हा रुमाल फिरवला.

“सुट्टी संपवून गेलो, तुझ्या बापाला सांगितलं. आठ दिस गप हुता. काय बी न्हाई बोलला. मग एक दिस तोफ पुसता पुसता म्हनला, मंद्या, माझ्या येळंला दोन. इसरू नको.”

पस्तीस वर्षं अप्पांनी यातलं एक अक्षर मला सांगितलं नव्हतं. ते माझ्याशी फारसं बोलतच नसत. मी पुण्याला शिकायला गेले, नोकरीला लागले, माझ्या मनाने लग्न केलं, त्या प्रत्येक वेळी त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं. मी ते ‘बरं’ वर्षानुवर्षं उलटसुलट करून बघत आले होते, आणि माझा निष्कर्ष असा होता की त्यांना मुलगा हवा होता.

साडेचारला पलीकडे माणसं दिसू लागली. आधी विस्तवाचं मडकं धरलेला दादा, मग तिरडी. त्यांनी ती लाकडांवर ठेवली. सगळे पुरुष, सगळ्या टोप्या. दादा वळून आमच्या काठाकडे बघू लागला. मी आंब्याच्या सावलीतून पुढे आले. त्याने मला पाहिलं. मग त्याने पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं आणि फेरे घालायला सुरुवात केली.

मी अप्पांचा अग्नी पाहिला. आमच्या घरातल्या कुठल्या बाईने तो कधी पाहिला नव्हता. धूर आधी आडवा पसरला, मग सरळ झाला.

मंदण्णा उभे राहिले. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. बंदूक खांद्याला लावली, नळ्या नदीवरच्या आभाळाकडे केल्या आणि चाप ओढला. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला आणि टेकडीला लागून परत आला. आंब्यातले पक्षी उडाले. पलीकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

दुसरा बार झाला नाही. मंदण्णांनी बंदूक खांद्यावरून काढली होती आणि माझ्यापुढे धरली होती.

“दुसरा तू.”

“काका, मला येत नाही.”

“आभाळ चुकत न्हाई कुनाचं. धर.”

“साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

“ऐकलंय. बिगीनं धर पोरी, लांबलं तर मोजत न्हाईत.”

टोपी माझ्या हातातून पडली. मी बंदूक धरली. ती मला वाटली होती त्यापेक्षा फार जड होती. त्यांनी मागून माझं कोपर वर केलं, दस्ता उजव्या खांद्यात दाबला, माझं बोट मागच्या चापावर नेऊन ठेवलं, आणि हात काढून घेतले. पूर्ण काढून घेतले. मी आभाळाकडे बघत बोट ओढलं.

खांद्याला कुणी तरी लाथ मारल्यासारखं झालं. मी दोन पावलं मागे गेले, पण बंदूक सोडली नाही. आवाज टेकडीवरून परत आला तेव्हा पलीकडच्या माणसांतला एक हात वर झाला. दादाचा. दुसरा बार कुणी काढला ते धुरामुळे आणि अंतरामुळे त्यांना कळलं नव्हतं. आमच्या गावात आजही सांगतात, सुभेदार इंगवल्यांना त्यांच्या कूर्गच्या दोस्ताने पलीकडच्या काठावरून दोन बारांची सलामी दिली.

मंदण्णांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, उघडली, रिकामी काडतुसं काढून खिशात टाकली. नदीकडे बघून त्यांनी अप्पांना एक अस्सल शिवी हासडली, आमच्या गावची, आणि मग ते खूप वेळ रडले. मी त्यांची टोपी उचलून झटकत उभी राहिले.

“घरी चला,” मी नंतर म्हटलं.

“बंदूक हाय संगं. कशी येऊ?” ते म्हणाले. “आन ज्याच्या घरी यायचं त्यो न्हाई.”

परतीच्या टमटमीने आम्ही फाट्यावर आलो आणि तिथे त्यांना बेळगावची बस मिळाली. पुन्हा आमची भेट झाली नाही. चार वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं तेव्हा मी ते उघडण्याआधीच समजले.

मी एकटी चालत नाक्यावर आले तेव्हा सव्वासहा झाले होते. मोठे साहेब येऊन गेले होते. डोंगरदिवे रस्त्यात उभं राहून एका टेम्पोच्या ताडपत्रीखाली बघत होते. मला पाहून ते बाजूला आले.

“झालं, ताई?”

“झालं.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“त्यांनीच?”

मी डाव्या हाताने पदर उजव्या खांद्यावर धरून ठेवला होता. मला ते ठाऊकही नव्हतं. त्यांची नजर तिकडे गेली तेव्हा कळलं. उजवा हात वर होत नव्हता.

“त्यांनीच,” मी म्हटलं.

डोंगरदिव्यांनी मान हलवली आणि टेम्पोवाल्याला जायची खूण केली. मग त्या आडव्या लाकडाचं टोक स्वतः उचलून माझ्यासाठी वर धरलं.

“घरी गेल्यावर खांद्याला हळद लावा, ताई,” ते म्हणाले. “पहिल्यांदा आठ दिवस दुखतं.”